मुक्काम

आमच्या शाळेचे एक मुख्याध्यापक तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. अमरावती आणि अकोला यांच्या मधल्या आमच्या गावात निवृत्त माणसाने पुढे काय करावयाचे हे जवळजवळ ठरलेलेच आहे. सकाळी नदीपर्यंत फेरी, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून कापसाच्या भावाची चर्चा आणि महिन्याच्या आरंभी पेन्शनीसाठी बँकेत एक खेप. हेडमास्तरांनी यांतले काहीच केले नाही. निरोपसमारंभात मिळालेल्या शालीची घडी मोडली नव्हती, तोच त्यांनी एक जुना मॅटाडोर विकत घेतला. आत दोन लोखंडी खाटा बसविल्या, गॅसची लहान शेगडी ठेवली, टपावर पाण्याची टाकी चढविली, मागच्या दाराला काकूंच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला आणि घर मुलाच्या स्वाधीन करून नवराबायको बाहेर पडली. अमेरिकेत निवृत्त जोडपी राहते घर विकून चाकांवरच्या घरात वर्षानुवर्षे हिंडतात, हे त्यांनी कोठेतरी वाचले होते. गावाने अर्थातच त्यांना वेड्यात काढले.

दसऱ्यानंतर निघालेली ही स्वारी वर्षभर तरी परतावयाची नव्हती. ती सत्ताविसाव्या दिवशी परत आली. उज्जैन, द्वारका, सोमनाथ, नाशिक, कोल्हापूर, पंढरपूर. मिळून चार हजार किलोमीटर. मी भेटावयास गेलो तेव्हा हेडमास्तर खाटेवर पडून होते आणि त्यांचे पाय सुजले होते. उशाशी एक वही होती. पाचाला उठणे, सहाला निघणे, अमुक वाजता दर्शन, तमुक वाजता भोजन, किलोमीटर इतके, डिझेल इतके. प्रत्येक पानाखाली तांबड्या शाईची सही. सही कोणाला दाखवावयाची होती, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “शाळा सुटली, पण यांच्या डोक्यातली घंटा काही सुटली नाही. सोमनाथला समुद्राकाठी मी जराशी टेकले, तर म्हणतात, चल, आठवा तास संपला.”

हेडमास्तर हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “खरे आहे ती म्हणते ते. गाडी चालविता मला येते, थांबविता येत नाही. नुसता बसलो की चोरी केल्यासारखे वाटते. तुम्ही जुनी पुस्तके चाळता. आपल्या वऱ्हाडात याआधी कोणी असे रस्त्यावर संसार मांडून राहिलेच असेल ना? ती माणसे थांबत कशी, एवढे मला शोधून सांगा.”

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकनंतरचे माझे शिक्षण वाचनालयाच्या कपाटांपुढे उभ्या उभ्या झाले. मुलांना मी जो इतिहास शिकवितो तो स्वाऱ्यांचा आहे: कोण कोठून निघाला, किती दौडीत कोठे पोचला आणि त्याने काय जिंकले. वाटेत तो कोठे थांबला, का थांबला आणि थांबला असता त्याच्या मनाचे काय झाले, हे कोणी परीक्षेत विचारीत नाही. तरीही प्रश्न मनातून जाईना. आणि शोधू लागलो तो काय, उत्तराची पहिली खूण आमच्या अगदी दाराशीच सापडली.

*

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. जुने नाव ऋद्धिपूर. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू राहत होते. गुजरातेतील भडोचचा एक राजपुत्र रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडला, तो रिद्धपुरास आला, गोविंदप्रभूंना भेटला आणि मग घराकडे परतला नाही. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी ते हेच. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ म्हणजे म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. शाळेत आम्ही एवढे सांगतो आणि पुढच्या कवीकडे वळतो.

पण हा ग्रंथ हेडमास्तरांचा प्रश्न मनात धरून वाचावा. तो आरंभापासून अखेरपर्यंत चालणाऱ्या माणसाचा ग्रंथ आहे. पहिला भाग ‘एकांक’, म्हणजे स्वामी एकटेच हिंडत होते त्या काळाचा. मग पूर्वार्ध व उत्तरार्ध, शिष्यपरिवार जमल्यानंतरच्या भ्रमंतीचे. लोणार, मेहकर, पैठण, गोदावरीचा काठ. एक गाव संपले की दुसरे. या भ्रमंतीला पंथात ‘अटन’ म्हणतात आणि ते साधकाच्या आचाराचा भाग आहे. ओळखीच्या गावात रमू नये, जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी जावे, मिळेल ती भिक्षा खावी, झाडाखाली पडावे, अशी ती शिकवण.

आता गंमत अशी की, एवढ्या अखंड चालणाऱ्या माणसाच्या मागे त्याच्या अनुयायांनी जे जपले, ते चालणे नव्हे, थांबणे जपले. चौदाव्या शतकात पंथात ‘स्थानपोथी’ तयार झाली. स्वामी ज्या ज्या गावी गेले त्या त्या गावातील त्यांच्या जागांची ही नोंद. देऊळ कोणत्या दिशेच्या तोंडाचे, दार कोणीकडे, ओटा कोठे, कोणत्या कोपऱ्यात ते बसले, कोठे निजले. आणि थांबण्याला या मंडळींकडे एकच शब्द नाही. नुसते टेकले तर ते ‘आसन’. एक रात्र काढली तर ‘वसती’. बरेच दिवस राहिले तर ‘अवस्थान’. आमच्या बोलीत प्रवासाचे शब्द पाहावे तर जाणे, निघणे, गाठणे, पोचणे. थांबण्याला तेवढा ‘मुक्काम’, आणि तोही अरबीतून आलेला. या लोकांनी मात्र बसणे, रात्र काढणे आणि राहणे यांचे तीन खण केले आणि प्रत्येकात काय ठेवावयाचे ते ठरवून टाकले.

मला वाटते, हेडमास्तरांच्या सुजलेल्या पायांचे कारण येथे आहे. त्यांच्या सत्तावीस दिवसांत सव्वीस वसती होत्या. आसन एकही नव्हते आणि अवस्थान तर नव्हतेच.

गोविंदप्रभूंचे उदाहरण तर याहून नवलाचे. त्यांनी फारसे गाव सोडले नाही. ते रिद्धपुरातल्या रिद्धपुरातच हिंडत. या गल्लीतून त्या गल्लीत, मुलांत खेळावे, कोणाच्याही घरात शिरावे, समोर असेल ते खावे. लोक त्यांना वेडे म्हणत आणि मानीतही. त्यांच्या चरित्रात एका गावाच्या हद्दीतली केवढी तरी भ्रमंती आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांचे शिष्य, वर्षानुवर्षे पायांना सवय लागलेली ती माणसे, याच गोविंदप्रभूंच्या सेवेस रिद्धपुरास येऊन राहिली. त्यांत पुढे आद्य मराठी कवयित्री म्हणून नावाजलेली महदाइसा होती, नागदेवाचार्य होते. रोजची वाट सरली आणि रोजची सेवा सुरू झाली. आणि म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी स्वतः गावोगाव पायपीट केली, ज्याने जे पाहिले ते त्याच्याकडून ऐकले, पडताळून घेतले. पण लिहावयास ते रिद्धपुरास वाजेश्वरीच्या स्थानी बसले, असे परंपरा सांगते. म्हणजे आमच्या भाषेचे पहिले मोठे पुस्तक हिंडून गोळा झाले आणि बसून लिहिले गेले. आज त्याच रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे, हे योग्यच झाले.

*

सर्वांनीच काही अशी थांबण्याची विद्या मनाने घेतली नव्हती. पुष्कळांना ती पावसाने शिकविली. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मृगाच्या दोन सरी पडताच अशी फुगते की, बंडीचे चाक आसापर्यंत रुतून बसावे. पक्क्या सडका होण्यापूर्वी आषाढापासून पुढे गावे बेटांसारखी तुटत. संन्याशांचा चातुर्मास आणि जैन मुनींचा वर्षावास यांचे कारण शास्त्रात जीवहिंसा टाळणे असे दिले आहे, आणि ते खरेच आहे. परंतु या मातीत पाय घालून पाहिलेल्या माणसाला त्या नियमाचे आणखी एक कारण सांगावे लागत नाही. पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेले आणि १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात गेलेले शिरपूर हे जैनांचे मोठे तीर्थ आहे, अंतरिक्ष पार्श्वनाथाचे. आठ महिने अनवाणी चालणारे मुनी चार महिने एका गावी राहतात, ही चाल आजही मोडलेली नाही. सडक डांबरी झाली, पूल झाले, तरी ते थांबतात.

पावसाच्या खालोखाल थांबविणारा गुरू म्हणजे बैल. वऱ्हाडी माणूस जन्मजात संथ आहे, असे मात्र कोणी समजू नये. शंकरपटात आमच्या बैलांच्या जोड्या वाऱ्यासारख्या सुटतात आणि शेत राहिले बाजूला, माणसे जोडीचे वेड घेऊन बसतात. गाड्यांतही प्रकार असत. ओझे वाहणारी ती बंडी, माणसे नेणारी हलकी ती दमणी, आणि एकदोघांनी चटकन जाऊन यावयाचे तर रेंगी. पण हा वेग आसपासच्या गावांपुरता. लांबचा प्रवास निघाला की वेग बैलाच्या पोटावर ठरे.

हे पोटाचे गणित लमाणांच्या तांड्यात स्पष्ट दिसते. आगगाडी येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस उत्तरेस गंगेकाठी मिर्झापूरच्या बाजारी जात असे. वाट सुमारे पाचशे मैलांची. मालाचा बराच भाग लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई आणि येताना मीठ, धान्य असा दुसरा माल भरला जाई. तांडा म्हणजे नुसते व्यापारी नव्हेत. बायका, मुले, म्हातारी, कुत्री, चूल, सारे त्यातच. चाकाशिवायचे चालते घर. या बैलांना विकतची वैरण घालावी तर नफा वैरणीतच जावयाचा. म्हणून ते वाटेवर चरत. चरावयास वेळ लागतो. म्हणून सकाळी काही कोस चालावे, गोण्या उतरून रचाव्या, बैल रानात सोडावे आणि दिवसाचा उरलेला भाग माणसांनी आपापली कामे करावी: पाणी आणावे, भरतकाम करावे, भांडावे, गावे. पाऊस आला की गवत-पाणी असेल तेथे तळ. त्यांची संथ चाल हा स्वभाव नव्हता, तो हिशेब होता. जो घाई करील त्याचा बैल मरेल आणि ज्याचा बैल मेला त्याचा संसार रस्त्यावरच राहील.

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची आगगाडी अकोला, बडनेरा करीत नागपूरपर्यंत गेली आणि हा हिशेब मोडला. महिनेच्या महिने घेणारा माल दिवसांत मुंबईस पोचू लागला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून चार वर्षे विलायतेस तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, तेव्हा आमच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. त्या भावाला बैलाची चाल परवडेना. लमाणांचा धंदा बुडाला. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास आरंभ केला, आणि त्या शिक्क्यातून त्या जमाती सुटल्या तो १९५२ साल उजाडले. पिढ्यान् पिढ्या हिंडलेली माणसे तांडे करून एका जागी राहिली, ती काही मुक्कामाची गोडी लागली म्हणून नव्हे. त्यांच्या पायांखालची वाटच काढून घेतली होती. पेन्शन हातात घेऊन हौसेने बाहेर पडणाऱ्याने हा फरक विसरू नये. रस्त्यावरचे जिणे हे एकाचे सुख असते आणि दुसऱ्याचे संचित.

*

वेगाची गोष्ट निघालीच आहे तर शकुंतलेचे नाव घेतल्याशिवाय पुढे कसे जावे? मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला जाणारी ही अडीच फुटी रुळांची गाडी. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची; किलिक निक्सन हे तिचे व्यवस्थापक. विसाव्या शतकाच्या आरंभी कापूस मूर्तिजापुरास मोठ्या गाडीपर्यंत आणण्यासाठी ती घातली. सारी रेल्वे सरकारची झाली तरी हिचे रूळ खासगी कंपनीचेच राहिले. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत तिला ओढीत होते. त्यानंतर डिझेलचे आले. यवतमाळचा फाटा ११३ किलोमीटरांचा, अचलपूरचा ७६ किलोमीटरांचा. चाल ताशी वीसेक किलोमीटर.

माझ्या लहानपणी तिच्या संथपणाच्या गोष्टी सांगून माणसे हसत. चालत्या गाडीतून उतरून शेतातले बोर तोडून पुन्हा चढता येते, असे म्हणत. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती घातली तेव्हा याच वेगाने तिने बंडीला मागे टाकले होते आणि माणसे अचंब्याने पाहत राहिली असतील. नंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांत तिचा वेग फारसा बदलला नाही. बदललो आम्ही. जी गाडी आजोबांना उडती वाटे तीच नातवाला रखडती वाटू लागली. तरी गरिबांनी तिला सोडले नाही, कारण तिचे भाडे सर्वांत कमी होते. आणि तिच्यात बसलेल्यांना मी कधी घड्याळ पाहताना पाहिले नाही. भाकरी सोडीत, मुली पाहण्याच्या गोष्टी करीत, वांग्याच्या रोपांचे भाव काढीत. आता दोन्ही फाटे बंद आहेत. रुळांवर गवत वाढले आहे, आणि रुंद रूळ घालण्याची मागणी अधूनमधून वर्तमानपत्रांत येत असते.

*

हा सारा मजकूर मी हेडमास्तरांना हप्त्याहप्त्याने सांगत होतो. एके दिवशी त्यांनी मध्येच अडविले. “पण गाडगेबाबा? ते तर एक रात्रसुद्धा कोठे धड राहत नसत. त्यांना काय म्हणाल?”

हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता. देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यास मामाच्या घरी गुरे राखण्यात आणि शेतीत गेले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते घर सोडून गेले. त्या दिवसापासून एकावन्न वर्षे त्यांना स्वतःचे असे घर नव्हते. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगे. गावात शिरले की ओळख न देता झाडावयास लागावे, संध्याकाळी कीर्तन करावे आणि गाव सत्काराला जमण्याच्या आत पुढची वाट धरावी. अखेर अखेर मोटारीतून हिंडत. आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच त्यांनी देह ठेवला. चाकांवरच्या घरात राहण्याची गोष्ट सांगावयाची तर याहून पुरी गोष्ट आमच्याकडे नाही.

ही संथ माणसाची गोष्ट नव्हे, हे खरे. पण मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, त्यांच्या वाटेत रोज एक मुक्काम असे आणि त्या मुक्कामाला काम असे. ज्या गावी गेले ते गाव त्यांनी पाहिले नाही, झाडले. गाव झाडणारा माणूस त्या गावाच्या एकेका दाराशी थांबतो. दुसरी गोष्ट अशी की, जो स्वतः कोठे राहिला नाही त्याने दुसऱ्यांच्या राहण्यासाठी सारा जन्म वेचला. पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट, पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा, नाशिक, देहू, आळंदी येथल्या धर्मशाळा, मुंबईस रुग्णालयात आलेल्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. ज्याला थांबावयास जागा नाही, त्याची जागा त्यांनी बांधून ठेवली. अशा माणसाला थांबता येत नव्हते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

हेडमास्तरांचे समाधान झालेले दिसले. पण काकू पडद्याआडून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या. “आणि त्यांच्या कुंताबाईचं काय?” त्यांनी विचारले.

आम्ही दोघेही गप्प झालो. देबूजी गेले तेव्हा घरी आई होती, पत्नी होती, मुले होती. आपल्या संस्थांत कुटुंबातल्या कोणाचा हक्क असू नये, असा पुढे बाबांचा कटाक्ष होता. त्याची थोरवी आम्ही भाषणांतून सांगतो, आणि ती आहेच. पण त्या थोरवीचा अर्धा भार कोणी उचलला, ते भाषणात येत नाही.

काकू म्हणाल्या, “मी काही तक्रार करून नाही राहिले. यांनी मला बरोबर नेलं. पण सत्तावीस दिवस चूल माझ्याकडेच होती ना? घरी दोन ओटे होते, गाडीत अर्धा. हे निवृत्त झाले, मी कधी व्हायचं?”

मी जी पुस्तके चाळली होती त्यांत याचे उत्तर नव्हते. लमाणांच्या तांड्यातही चूल बाईचीच होती. आयुष्य संथ करावयाचे म्हणजे एकाने खाटेवर पडून राहावयाचे आणि दुसऱ्याने त्याचा चहा करावयाचा, असे झाले तर त्याला संथपणा म्हणावयाचे की आळस, हे ठरविण्याचा अधिकार चहा करणाऱ्याचा आहे. हेडमास्तरांनी मान खाली घातली. मीही चहाचा पेला स्वतः विसळून ठेवला.

*

पुढच्या मार्गशीर्षात मॅटाडोर पुन्हा निघाला. या वेळी यादी नव्हती. पहिला मुक्काम घरापासून एका सकाळच्या अंतरावर, रिद्धपूरला. मला तेथून फोन येत. पहिले तीन दिवस हेडमास्तरांना फार जड गेले. पहाटे पाचाला जाग येई आणि करावयास काही नसे. त्यांनी गाडी दोनदा धुतली. सगळी स्थाने एका दिवसात पाहून टाकली आणि दुसऱ्या दिवशी नमस्काराला पुन्हा तीच राहिली. चौथ्या दिवशी ते सामान आवरू लागले, तेव्हा शेजारच्या ओट्यावर वाती वळीत बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, “काऊन गुर्जी, चालले? एवढी घाई कायची करून राहिले? इथं कोणाची गाडी सुटून राहिली?”

हेडमास्तर खाली बसले. ते मला म्हणाले की, त्या म्हाताऱ्याला द्यावयास त्यांच्यापाशी एकही उत्तर नव्हते, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीत असे प्रथमच झाले. त्या दिवशी त्यांनी म्हाताऱ्याबरोबर वाती वळल्या. वाती जाड झाल्या. संध्याकाळी काकूंनी त्यांचे मनगटी घड्याळ काढून घेतले आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले. आठवड्याने ते सापडले, कारण तोवर तांदूळ काढण्याची पाळी हेडमास्तरांची झाली होती. एक दिवस आड स्वयंपाक त्यांचा, असे ठरले होते. पहिले पिठले लागले. दुसरे लागले नाही.

पौषात ती दोघे ऋणमोचनला गेली. तेथे या महिन्यात यात्रा भरते. यात्रा उठल्यावर घाटावर पत्रावळींचा आणि प्लॅस्टिकच्या पेल्यांचा खच पडला होता. मी एका रविवारी भेटावयास गेलो, तेव्हा हेडमास्तर धोतर खोचून पायऱ्या झाडीत होते. मला पाहून त्यांनी हात उंचावला, पण हातातले काम सोडून ते आले नाहीत. मी गाडीत जाऊन बसलो. काकू खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. कोणी त्यांना उठ म्हणत नव्हते.

उशाशी तीच वही होती. मी उघडून पाहिली. किलोमीटरांचा रकाना कोरा होता आणि तांबड्या शाईची सही नव्हती. अक्षर कोठे हेडमास्तरांचे होते, कोठे काकूंचे. वलगाव, पेढीचा पूल: आसन. दर्यापूर: वसती. शेवटची ओळ काकूंच्या हातची होती. ऋणमोचन: अवस्थान. पुढे किती दिवस, ते लिहिलेले नव्हते.